मालनचं उत्तर

दसरा होऊन गेला, की आमच्या घरासमोरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात. साताऱ्यात हे घर बांधलं तेव्हा हा रस्ता एवढा वाहता नव्हता. आता उजाडायच्या आधीच ट्रॅक्टरची घरघर सुरू होते, वळणावर एखादी मोळी सुटते, शाळेला निघालेली पोरं ऊस उपसून घेतात आणि दिवसभर कडेला उसाचं वाळकं पाचट उडत राहतं. संध्याकाळी वारं फिरलं, तर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास थेट स्वयंपाकघरात येतो. सून खिडकी लावून घेते. मी काही म्हणत नाही. पण तो वास आला की माझा हात आपसूक खांद्यावरच्या पिनेकडे जातो. पदर नीट खोचला आहे ना, हे चाचपायला. सांगलीत असताना वॉर्डात शिरण्यापूर्वी आम्ही तसंच करायचो.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती ती. पाकिस्तानची लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते. मी साताऱ्याची, कारकुनाची मुलगी. सांगलीत एका इस्पितळाला जोडलेल्या नर्सिंगच्या शाळेत दुसऱ्या वर्षाला होते. वडिलांनी मला एसटीत बसवताना एवढंच म्हटलं होतं, "घाण वाटली तर परत ये. लाज वाटून घेऊ नकोस." घाण कधी वाटली नाही. सांगलीतही थंडीत तोच वास असे. रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागलेली असे, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज होस्टेलच्या खोलीपर्यंत येई, आणि ऊस तोडताना कापलेले, गाडीखाली सापडलेले, चरकात हात गेलेले लोक आमच्याकडे येत. हंगाम भरात आला की कॉटा कमी पडत. मग आम्ही जमिनीवर गाद्या घालायचो.

होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या कॉटवर मालन असायची. ती कडेगावकडची. घरची ऊसशेती, भाऊ फौजेत, बाप पैलवानकी केलेला. उंच, हाडापेरानं दणकट, हसायला लागली की थांबायची नाही. ती बोले तेव्हा शहरातल्या मुली हसायच्या. ती म्हणायची, "हसा गं. पेशंटला माझीच भाषा कळती, तुमची न्हाई." आणि ते खरं होतं. खेड्यातल्या बायका आम्हां बाकीच्यांना ‘नर्सबाई’ म्हणायच्या. मालनला ‘पोरी’ म्हणायच्या.

आम्हांला शिकवायला लोखंडेबाई होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्या वर्षी त्यांनी एक तास सुरू केला होता, जो अभ्यासक्रमात नव्हता. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पुस्तकात माणूस मेल्यानंतरचं सगळं आहे. डोळे कसे मिटायचे, जबडा कसा बांधायचा, कापूस कुठं घालायचा. मरेपर्यंतचं काही नाही. ते आपण शिकू या."

त्यांनी आम्हांला जोडीजोडीनं बसवलं. एकीनं डोळे मिटून निजायचं, दुसरीनं शेजारी बसून तिचा हात धरायचा. बोलायचं नाही. आधी हशा पिकला, मग हळूहळू वर्ग गप्प झाला, मग मागच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं. "इथं रडून घ्या," त्या म्हणाल्या, "म्हणजे तिथं बसता येईल." त्या सांगायच्या, मरणाऱ्याच्या कॉटपाशी उभ्या राहू नका, बसा, उभं माणूस जायच्या घाईत असतं. हात हातात घ्या. घोटघोट पाणी पाजत राहा. खिडकी उघडी ठेवा, त्याला मोकळा वारा लागू दे. आणि खोटं बोलू नका. बरं होशील म्हणू नका. त्यानं विचारलंच तर म्हणा, मी आहे इथं.

खोट्यावर त्यांचा फार रोष होता. कारण त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचे यजमान क्षयानं गेले. घरचे, डॉक्टर, सगळे त्यांना म्हणत होते, दिवाळीला घरी याल. ते शेवटपर्यंत दिवाळीची तयारी करत राहिले. नवीन सदरा शिवायला टाका म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना एकटं पाडलं," बाई म्हणाल्या. "शेवटच्या दिवसांत मला त्यांच्याशी एकही खरं वाक्य बोलता आलं नाही." असं म्हणून त्यांनी फळा पुसला.

आपण तयार झालो, असं मला त्या थंडीत वाटत होतं.

संक्रांतीच्या आसपास हणमंत आला. आला म्हणजे स्वतःच्या पायांनी चालत आला, अंगात फौजेची हिरवी जर्सी, बरोबर आई. रजेवर आलेला जवान. घसा धरलाय, गिळता येत नाही, पायाला मुंग्या येतात म्हणत होता. डॉक्टरांनी बरंच विचारलं आणि मग मला पेलाभर पाणी आणायला सांगितलं. मी आणलं. हणमंतानं पेला हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि त्याचा गळा असा काही आवळला गेला, की पेला माझ्या पायांवर फुटला. डॉक्टर खाली मान घालून काही तरी लिहू लागले. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

महिना-दीड महिन्यामागं, रजेवर आला त्याच आठवड्यात, उसाच्या फडाकडेला त्याला कुत्रं चावलं होतं. टाचेजवळ, ओरखड्याएवढं. आईनं जखमेत तिखट भरलं, पलीकडच्या गावातल्या मंतर घालणाऱ्याकडे नेलं. शेजाऱ्यानं सांगितलं होतं, सांगलीला जा, बेंबीभोवती चौदा सुया घ्याव्या लागतात. पण जखम भरून आली, खपली पडली, आणि सगळे विसरून गेले.

पिसाळलेलं कुत्रं चावून एकदा पाण्याची भीती सुरू झाली, की माणूस वाचत नाही. हे आम्हांला पुस्तकातून ठाऊक होतं. एका ओळीत लिहिलेलं होतं.

त्याला मागच्या बाजूच्या एका वेगळ्या खोलीत ठेवलं. त्याच्या लाळेची भीती म्हणून तिथं कुणी जायला धजत नव्हतं. लोखंडेबाईंनी वर्गात विचारलं, "माझ्याबरोबर कोण येतंय?" मालननं हात वर केला. तिचा हात पाहून मी केला.

आणि त्या खोलीत, बाईंनी शिकवलेली एकेक गोष्ट आमच्या हातून गळून पडली. खिडकी उघडली, तर वाऱ्याच्या झुळकेनं त्याचा गळा आवळे. म्हणून खिडकी लावून वर घोंगडं टांगलं. हात धरायला गेलं, तर सगळं अंग दचके. पाण्याचं तर नावच नको. बाहेर बादली भरल्याचा आवाज आला तरी तो कॉटवर ताठ होई. बाईंनी एकदा त्याच्या ओठांना ओला कापूस लावून पाहिला. पुन्हा लावला नाही. बसायचं तेवढं उरलं. आम्ही रबरी हातमोजे घालून अंधारात, त्याच्यापासून हातभर दूर, स्टुलावर बसून राहायचो. झोपेच्या सुईचा अंमल असेपर्यंत त्याला झोप लागे. अंमल उतरला की तो शुद्धीवर येई, आणि शुद्धीवरचा हणमंत अगदी तुमच्या-आमच्यासारखा. हेच सोसवत नसे. भ्रमात असता तर बरं, असं वाटायचं.

"शिस्टर," तो पहिल्याच दिवशी बाईंना म्हणाला, "मला बांधून घाला. मला कळतंय तवर सांगतो. माझ्या हातनं कुणाला इजा नको."

बाई म्हणाल्या, "आम्ही इथंच आहोत."

"म्हनूनच म्हंतोय," तो म्हणाला.

मालननं पट्टे आणले. बांधताना त्यानं स्वतः मनगट पुढं केलं. बांधून झाल्यावर म्हणाला, "आवळ अजून. ढिलं ऱ्हायलंय."

मालनशी तो गावाकडचं बोले. हुरडा झाला का, कोणत्या कारखान्याची तोडणीची टोळी आली. एकदा म्हणाला, "लढाईत माझ्या शेजारचा गेला. एकाच खड्ड्यात हुतो. तवा वाटलं, आता आपुन काय मरत न्हाई." मग म्हणाला, "युनिटात काय सांगतील गं? कुत्रं चावून मेला?" बाईंच्या वर्गात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ‘मी आहे इथं’ हे त्याचं उत्तर होत नाही.

त्याची आई हौसाबाई बाहेर अंगणात, लिंबाच्या झाडाखाली बसलेली असे. धिप्पाड बाई, कपाळावर मोठं कुंकू, नवरा गावी उसाच्या तोडीला अडकलेला. तिला दारातून बघू द्यायचे, आत नाही. तिनं पितळी तांब्यात नदीचं पाणी आणून ठेवलं होतं आणि तो पदराच्या टोकानं झाकलेला असे. जाणाऱ्याच्या तोंडात पाणी पडलं पाहिजे, एवढं एकच ती मागत होती. ते देता येत नाही, हे तिला मीच समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. वाद घातला नाही, रडली नाही. फक्त तांब्या उन्हातून उचलून सावलीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि मालन बाहेर आलो, तर तिनं मालनला हाक मारली. "ए पोरी, हिकडं ये. तू आपल्याकडची हायस. मला खरं सांग." मालन तिच्यापुढं उकिडवी बसली. मी मागं उभी. लोखंडेबाई व्हरांड्यात खांबापाशी होत्या.

"त्यो शेजारचा म्हनला हुता, सुया घ्या म्हनून," हौसाबाई म्हणाली. "हणमंत निघालाबी हुता. म्याच न्हाई म्हनलं. म्हनलं, लेकरू वर्सानं घरी आलंय, पोटात कुटं चौदा सुया टोचून घेतंय, चार दिस खाऊ दे, पिऊ दे. म्याच अडिवलं त्येला." तिनं मालनचा हात धरला. "सुया घेतल्या असत्या तर माजं लेकरू जगलं असतं का गं?"

उन्हात पाचटाचे तुकडे उडत होते. मला वाटलं, मालन म्हणेल, मी आहे इथं. किंवा काहीच म्हणणार नाही.

मालन म्हणाली, "न्हाई मावशी. सुयांचा काय उपेग न्हाई झाला असता. त्या नशिबात असंल तरच लागू पडत्यात. तुमचा काय बी दोष न्हाई."

हौसाबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या छातीतून असा श्वास सुटला, जणू तो कितीतरी दिवस अडकून पडला होता. आणि ती पहिल्यांदा रडली. मालनच्या खांद्यावर डोकं टेकून, मोठ्यानं, गावाकडच्या बायका रडतात तशी. मी बाईंकडे पाहिलं. खोट्यावर एवढा रोष असलेल्या बाई, खांबाला हात लावून उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंत गेला. अखेरीला आकडी आली नाही. शीण आल्यासारखा निजला आणि श्वास थांबला. डॉक्टरांनी हौसाबाईला आत येऊ दिलं. ती तांब्या घेऊन आली. आता पाण्याला घाबरणारं कुणी उरलं नव्हतं. तिनं चमच्यानं पाणी त्याच्या तोंडात घातलं. ते आत गेलं नाही, ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. ते पुसायला तिनं पदर पुढं केला, आणि मालननं तिचं मनगट धरलं. "मावशी, हात लावू नका." लाळेत विष असतं, म्हणून. मालनच्या जागी मी असते, तर मी धरलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. हौसाबाईनं हात मागं घेतला. "तू म्हंतीस तसं," ती म्हणाली.

माघ गेला, फाल्गुन लागला. थंडी सरली. बैलगाड्या विरळ झाल्या, टोळ्या आपापल्या गावी परतायला लागल्या. रस्त्यावरच्या पाचटाची धूळ झाली. आमची परीक्षा जवळ आली होती. आम्ही होस्टेलच्या गच्चीवर येरझारा घालत हाडांची नावं पाठ करायचो. मालन पूर्वीसारखी हसायला लागली होती. एकदा मला म्हणाली, "कुमे, त्या म्हातारीला झोप लागत आसंल न्हवं आता?" मी म्हटलं, लागत असेल.

चैत्रात एका सकाळी आम्ही दोघी बाह्यरुग्ण विभागात कामाला होतो. दारातून हौसाबाई आत आली. कुंकू तसंच मोठं. बरोबर पंचविशीची एक बाई. चालताना गळ्यापाशी हात धरून होती. हौसाबाईची धाकटी जाऊ. हौसाबाईला इस्पितळ ठाऊक झालं होतं, म्हणून घरच्यांनी तिलाच बरोबर पाठवलं होतं.

तिनं मालनला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "ही बघ, हीच ती पोरगी," ती जावेला म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "हिला संक्रांतीमागनं कुत्रं चावलं, सायेब. लोक म्हनले, सांगलीला न्या, सुया द्या. पर आमाला ठावं हुतं. ह्या पोरीनंच सांगितलं हुतं, सुयांचा काय उपेग न्हाई म्हनून. तवा उगं हिचं हाल केलं न्हाईत. आता घसा धरलाय, तेवढं औशिद द्या."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट, आपण सांगितलेलं पाळलं, हे मालनला दिसावं, अशी आपुलकी होती.

डॉक्टरांनी मालनकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "कुणी सांगितलं? अहो, त्या सुया वेळेवर घेतल्या असत्या तर ही—"

"डॉक्टर," मागून आवाज आला. लोखंडेबाई कधी आल्या, कळलं नाही. "आधी पेशंट बघा."

त्यांचा आवाज तेव्हाही चढलेला नव्हता. पण डॉक्टर थांबले. वाक्य तिथंच राहिलं. हौसाबाई एकदा बाईंकडे, एकदा डॉक्टरांकडे बघत होती. तिला काही कळलं की नाही, ते मला अजूनही ठाऊक नाही. डॉक्टरांनी पाणी मागवलं. या खेपेला आणायला मी गेले नाही. दुसऱ्या कुणी तरी आणलं.

मालन भिंतीला टेकून उभी होती. आता खरं सांगावं, तर हौसाबाईच्या माथी एकाच्या जागी दोन मरणं. न सांगावं, तर गावात पुन्हा कुणाला कुत्रं चावेल. जावेला त्याच मागच्या खोलीत ठेवलं. आम्ही खिडकीवर तेच घोंगडं टांगलं. मालन स्टुलावर बसली आणि त्या बाईचा प्राण जाईपर्यंत पाळी बदलायला उठली नाही. आम्ही बोललो, तर ऐकलंही नाही.

हौसाबाई गावी निघाली, तेव्हा तिला बाजूला घेऊन बाईंनी इतकंच सांगितलं, "इथून पुढं कुणाला चावलं, तर त्याच दिवशी घेऊन या. आता नवं औषध आलंय." नवं काही आलेलं नव्हतं. ज्या बाईनं आम्हांला खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, तिनं माझ्यादेखत हे सांगितलं, आणि मला ते चूक वाटलं नाही. बरोबरही वाटलं नाही. त्या दिवसापासून मरणापाशी चूक कुठं संपतं आणि बरोबर कुठं सुरू होतं, ते मला कधी दिसलेलं नाही.

परीक्षेच्या आधी मालननं पेटी भरली. तिचा बाप न्यायला आला होता. बाई तिला म्हणाल्या, "परीक्षा दे. मग जा." मालननं वाकून नमस्कार केला. "बाई, माझ्या हातनं आता व्हायचं न्हाई." बापाला तिनं काही सांगितलं नव्हतं. तो म्हणत होता, पोरीला भीती बसली. त्याला तसंच वाटू द्यायचं ठरलं.

ती गेल्यावर बाई वर्गात एकट्या बसलेल्या होत्या. मी डस्टर ठेवायला गेले. त्या म्हणाल्या, "कुमुद, मी त्या दिवशी व्हरांड्यात सगळं ऐकलं होतं. मला ते खोटं वाटलंच नाही. माया वाटली. मी शिकवायला हवं होतं, ती वेळ तीच होती." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मरणाऱ्याजवळ कसं बसायचं ते मी तुम्हांला शिकवलं. मागं राहतात त्यांच्याजवळ कसं बसायचं, ते मलाच येत नाही." पुढच्या वर्षी त्यांनी तो तास घेतला नाही. कुणी विचारलंही नाही. तो अभ्यासक्रमात नव्हताच.

मी पास झाले. त्याच दशकाच्या अखेरीस साताऱ्यात शिकवायला लागले. मुली मला विचारायच्या, बाई, सवय होते का? मी म्हणायचे, होते. ते खरंच होतं. सवय होते. तेच तर वाईट.

मालन मला पुन्हा एकदाच भेटली. कामानिमित्त मी त्या बाजूला गेले होते. कडेगावच्या स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत होते. हंगामच चालू होता; स्टँडसमोरून उसाच्या गाड्या जात होत्या, हवेत तोच वास. ती बाजार करून चालली होती. डोक्यावर पाटी, हात उसाच्या पात्यांनी चिरलेले. लग्न झालं होतं, दोन मुलं होती. आम्ही उभ्या उभ्याच बोललो. तिनं माझ्या नोकरीचं विचारलं नाही, बाईंचं विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, बाई निवृत्त झाल्या. तिनं मान हलवली.

माझी गाडी लागली. मी पायरीवर पाय ठेवला, तसा तिनं मागून माझा हात धरला. तिची पकड पूर्वीसारखीच दणकट होती.

"कुमे," ती म्हणाली, "त्या हौसाबाईला कुणी खरं सांगितलं तर न्हाई न्हवं?"

लोक मागून रेटत होते. कंडक्टर ओरडत होता. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही. कुणीच नाही."

तिनं हात सोडला. गाडी हलली तरी ती तिथंच उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर थोडं बरं वाटल्यासारखं दिसत होतं. मला हौसाबाईचं काहीच ठाऊक नव्हतं. ती जिवंत आहे की नाही, हेसुद्धा.